पत्रांत न आलेली माणसं

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी एक पत्र लिहायचे. माझ्या वर्षाचा खर्च ज्यांनी उचलला होता आणि जे रोज माझं नाव घेऊन प्रार्थना करत होते, त्यांच्यासाठी. वर्षाची बारा पत्रं झाली. परवा ती सगळी काढून वाचली. त्यांतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण बाराही पत्रांत बरी झालेली माणसं आहेत. ओठ शिवलेलं बाळ, मोतीबिंदू निघालेले आजोबा, सरळ पायांवर उभा राहिलेला मुलगा. ज्यांना आम्ही दारातूनच परत पाठवलं त्यांच्याबद्दल एकही ओळ नाही. वाचणाऱ्यांना वाईट वाटेल, असं तेव्हा मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे ते लिहायचं बळ माझ्यातच नव्हतं.

आता लिहिते आहे.

मी नर्स आहे. २०१५ च्या मध्यापासून २०१६ च्या मध्यापर्यंत मी ‘आफ्रिका मर्सी’ या रुग्णालय-जहाजावर स्वयंसेवक होते. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर तोआमासिना नावाचं मोठं बंदर आहे, तिथे जहाज धक्क्याला लागलेलं असायचं. हे जहाज ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेचं. डॉन आणि डेऑन स्टीव्हन्स या नवराबायकोने १९७८ मध्ये ती सुरू केली. आफ्रिका मर्सी मुळात डेन्मार्कमधली, आगगाडीचे डबे वाहून नेणारी फेरीबोट. जिथे डबे उभे राहायचे तिथे तेव्हा वॉर्ड आणि पाच ऑपरेशन थिएटरं होती. २०१४ मध्ये ते खरं तर पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनला जाणार होतं. तिकडे इबोलाची साथ पसरली म्हणून ते मादागास्करकडे वळलं. माझ्या वाट्याला आलं ते त्याचं तिथलं दुसरं वर्ष.

जायचं कसं, असं अनेक जण विचारतात, म्हणून तेवढं सांगते. अर्ज, पाळकांचं शिफारसपत्र, कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं पत्र, नर्सिंगची नोंदणी, अनुभवाचे दाखले, डोक्यापासून पायापर्यंत वैद्यकीय तपासणी, लसी, मुलाखत. यात काही महिने जातात आणि जायलाच हवेत, कारण तेवढ्या वेळात आपला उत्साह खरा की खोटा हे आपल्याला कळतं. जहाजावर पगार नव्हता. सर्जन असो, स्वयंपाकी असो की इंजिनखोलीत काम करणारा, राहण्याजेवण्याचे पैसे ज्याचे त्याने दरमहा भरायचे. त्यासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. मला ते सगळ्यात जड गेलं. आयुष्यभर कमावून खाल्लेल्या माणसाला ‘माझ्यासाठी द्या’ म्हणणं सोपं नसतं. पण नम्रतेचा तो पहिला धडा जहाजावर चढण्याआधीच मिळाला हे बरं झालं.

मिशनरी म्हटलं की हातात बायबल घेऊन बोलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. माझ्याही आला होता. तिथे सुमारे चाळीस देशांतून आलेले चारेकशे लोक होते आणि त्यांतले बहुतेक दिवसभर काय करत होते? कपडे धुणं, पाइप दुरुस्त करणं, बटाटे सोलणं, केसपेपर लावणं, जखमा बांधणं. उपचार फुकट, आणि येणाऱ्याचा धर्म कोणता, तो प्रार्थना करतो की नाही, असं कोणी विचारत नसे. विचारलं, तर मोकळेपणाने सांगायचं. नाही विचारलं, तर ड्रेसिंग नीट करायचं. मला हा नियम पहिल्या दिवसापासून पटला. ज्याला दुखतं आहे त्याच्याकडून औषधाच्या बदल्यात श्रद्धा मागणं म्हणजे प्रभूच्या नावाने केलेला सौदाच.

राहणीबद्दल थोडक्यात सांगते. दोन मजली खाटांची खोली, पडदा ओढला की तेवढीच आपली जागा. अंघोळीला दोन मिनिटं पाणी. ठरावीक दिवशी आगीचा सराव, घंटा झाली की हातातलं काम टाकून आपल्या जागी पळायचं. वॉर्डांना खिडक्या नव्हत्या, म्हणून दुपारी पेशंटना वरच्या डेकवर मोकळ्या हवेत न्यायचं. प्लास्टरमधली पोरं तिथे तीनचाकी गाड्यांवर बसून इतका दंगा करायची की धक्क्यावरचे हमाल मान वर करून बघायचे. हे सगळं पत्रांत आहे.

पत्रांत नाही तो निवडीचा दिवस.

पहाटे चारला आम्ही पोचलो तेव्हा अंधारात रांग बसलेली होती. काही जण आदल्या रात्रीपासून, काही दोन दिवस आधीपासून. मादागास्कर हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं बेट आणि रस्ते मोजके. ‘ताक्सी-ब्रूस’ नावाच्या, माणसांनी आणि सामानाने शिगोशीग भरलेल्या गाड्यांतून लोक तीन-तीन दिवस प्रवास करून आले होते. बायकांनी ‘लांबा’ पांघरलं होतं. लांबा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लांबरुंद कापड. त्यातच बाळ पाठीला बांधतात, त्यातच तोंड लपवतात. रांगेत खूप जणींनी तोंड लपवलेलं होतं.

माझं काम रांगेच्या तोंडाशी. पहिली नजर माझी. जहाजावर काय होतं आणि काय होत नाही, याची यादी मला पाठ होती. दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू, हर्निया, गलगंड, चेहऱ्यावरच्या साध्या गाठी, भाजल्यामुळे आखडलेले हात, मुलांचे वाकडे पाय, बाळंतपणात झालेला फिस्टुला. हे होत होतं. पसरलेला कॅन्सर, मेंदूचे आजार, हृदयाचे आजार, लुळेपणा. हे होत नव्हतं. जहाज काही महिन्यांनी निघून जाणार, म्हणून जे एकदोन ऑपरेशनांत सुटेल तेच हाती घ्यायचं. ज्याचं होण्यासारखं आहे त्याला पुढे पाठवायचं. तिथे नोंद, वजन, रक्तदाब, मग सर्जन, मग तारखेचं कार्ड. ज्याचं होण्यासारखं नाही त्याला तिथेच सांगायचं.

मलागासी या तिथल्या भाषेतला मी शिकलेला पहिला शब्द ‘सलामा’, म्हणजे नमस्कार. दुसरा ‘त्सी’, म्हणजे नाही. ‘त्सी अफाका’, जमणार नाही. त्या एका दिवसात मी तो किती वेळा म्हणाले याचा हिशोब ठेवला नाही. कोणी रडलं नाही, हेच भयंकर होतं. माणसं मान हलवायची, ‘मिसाउत्रा’ म्हणायची, म्हणजे आभार, आणि वळायची. नकार दिल्यावर आभार मानणाऱ्या माणसाकडे कसं बघायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारच्या सुमाराला एक मुलगी आली, एकोणीसवीस वर्षांची असेल. पाठीवरचं बाळ तिने सोडून मांडीवर घेतलं आणि मी पाहिलं, बाळाच्या डोक्यात पाणी झालं होतं. डोकं अंगापेक्षा मोठं, डोळे खाली ओढलेले, कपाळावरच्या शिरा निळ्या. मेंदूचं ऑपरेशन जहाजावर होत नाही. मला माहीत होतं. माझ्या शेजारच्या दुभाष्यालाही एव्हाना माहीत झालं होतं, तो माझ्या तोंडाकडे बघत ‘त्सी’ची वाट पाहत होता. बाळाने माझं बोट धरलं. मी म्हणाले, “सांग तिला, डॉक्टरांना विचारते. नंतर येऊन बघायला सांग.”

तो क्षणभर थांबला, मग त्याने सांगितलं. तिचा चेहरा उजळला. मी पुढच्या माणसाकडे वळले.

नऊ दिवसांनी मी सामान आणायला शहरात निघाले होते. बंदराच्या फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत ती बसलेली होती. रोज येत होती. रोज पहारेकऱ्याला विचारत होती, डॉक्टर काय म्हणाले. तिच्याजवळचे परतीच्या भाड्याचे पैसे खाण्यात संपले होते. पाऊस झाला होता, बाळ लांब्यात गुरफटलेलं होतं आणि त्याचं कण्हणं मला रस्त्याच्या पलीकडून ऐकू आलं.

मी जहाजावर परत गेले आणि आमच्या प्रमुख नर्सना सगळं सांगितलं. आयुष्याची वीस वर्षं असल्या कामात घालवलेली बाई. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “तुला वाटलं तू तिच्यावर दया केलीस. तू स्वतःची सुटका करून घेतलीस. जा, आणि आता नीट सांग.”

दुभाष्याला घेऊन मी गेले. तिच्याजवळ जमिनीवर बसले. पहिल्याच वाक्यात सांगितलं, की आमच्याकडे हे ऑपरेशन होत नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं, मी चुकले, मला क्षमा कर. दुभाष्याचा आवाज मध्येच अडखळला. ती बराच वेळ बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने पाणी मागितलं. मी बाटली दिली, तिने झाकणात पाणी ओतून आधी बाळाच्या ओठांना लावलं, मग स्वतः प्यायली. आम्ही प्रार्थना केली. मी मराठीत केली, कारण त्या वेळी मला दुसरी भाषा सुचलीच नाही. परतीच्या भाड्याचे पैसे मी दिले, राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात कुठे विचारायचं ते कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद तिच्या हातात ठेवला. ती गेली. पुढे काय झालं हे मला कधीच कळलं नाही. आजही जेव्हा कोणी ‘बघू’ म्हणतं, तेव्हा मला ती भिंत आठवते.

त्यानंतरच्या प्रत्येक नकाराला मी खाली बसले. माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन, पहिल्याच वाक्यात, स्वच्छ शब्दांत सांगायचं आणि तो उठेपर्यंत आपण उठायचं नाही. रांग लांब असली तरी. वेळ जातो अशी तक्रार एकदोनदा झाली. प्रमुख नर्सनी ती स्वतःकडेच ठेवली.

वॉर्डमधला सगळ्यात मोठा आनंद मी फिस्टुलाच्या बायकांत पाहिला, आणि तिथेही एक गोष्ट माझ्या पत्रातून निसटली. हा आजार होतो कसा, तर बाळंतपण अडतं, दिवस-दोन दिवस कळा चालतात, जवळपास सिझेरियन करणारं कोणी नसतं. बाळाचं डोकं आईच्या ओटीपोटाच्या हाडांवर दाबून राहतं, मधल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटतो, ते मरतं आणि तिथे भोक पडतं. बाळ बहुतेक वेळा दगावतं. आई जगते, पण तिची लघवी रात्रंदिवस गळत राहते. वास येतो. नवरा सोडतो, शेजारी टाळतात, देवळातही ती मागच्या दाराशी बसते. ज्या आजाराचं मूळ केवळ वेळेवर न पोचलेली मदत आहे, त्याची लाज मात्र त्या बाईने वाहायची. याचा मला आजही संताप येतो.

आमच्या वॉर्डात एक जण अकरा वर्षं अशी गळत होती. आली तेव्हा खाटेवर बसेना. दारातच उभी राहून तिने पिशवीतून प्लास्टिकचा तुकडा काढला, तो चादरीवर पसरला, त्याच्या चारही कडा हाताने सारख्या केल्या आणि मग अंग चोरून टेकली. तिच्या शेजारच्या खाटेवर दुसरी एक होती, वयाने मोठी. तिची आधी इतरत्र दोन ऑपरेशनं झाली होती, दोन्ही फसली होती. दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली.

पुढचे दिवस कॅथेटर आणि पाणी. भरपूर पाणी प्यायचं, नळी तुंबता कामा नये, पिशवीतला रंग बघायचा. मग नळी काढायची आणि वाट बघायची. रोज पहाटे मी खाटेखाटेपाशी जाऊन चादरीखाली हात घालायचे. मलागासीत कोरड्याला ‘माइना’ म्हणतात, ओल्याला ‘मांदु’. माझा तळहात चादरीवर फिरला की सगळ्या बायकांची बोलणी थांबायची. त्या पहाटे अकरा वर्षंवालीच्या चादरीवर माझा हात इकडून तिकडे गेला, पुन्हा आला. सुती कापडाचा खरखरीत कोरडेपणा. मी म्हणाले, “माइना.” तिचा विश्वास बसला नाही. तिने माझा हात बाजूला सारून स्वतःचा हात घातला. मग तो हात नाकाशी नेला. आणि मग ती ओरडली, “माइना!” आणि अख्खा वॉर्ड ओरडला.

शेजारच्या खाटेपाशी गेले. चादर ओली होती. तिनेच हळूच सांगितलं, “मांदु.” तिला माझ्याआधी कळलं होतं.

कोरड्या झालेल्या बायकांना घरी जाण्याआधी नवा पोशाख देतात. त्या दिवशी वॉर्डात गाणं असतं, ढोलके असतात, प्रत्येक जण उभी राहून आपली साक्ष सांगते. त्या दिवसाचं वर्णन माझ्या पत्रात पानभर आहे. पोशाखाचा पिवळा रंग आहे, त्यावरची फुलं आहेत, सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणी आहे. एवढं मात्र नाही, की कार्यक्रमाच्या आधी तिला डोक्याचा रुमाल नीट बांधता येत नव्हता, हात थरथरत होते. तेव्हा शेजारची ती मोठी बाई आपल्या खाटेवरून उठली, तिला समोर बसवलं, रुमालाची घडी तीनदा मोडून तीनदा घातली, गाठ मागे नेऊन घट्ट केली, सैल झालेली एक बट आत खोचली. मग दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघितलं. आणि परत आपल्या जागी जाऊन बसली, ओल्या चादरीवर. गाणं सुरू झालं तेव्हा टाळ्यांचा ताल तिनेच धरला होता.

मी त्या रात्री खोलीत पडदा ओढून खूप रडले. देवाशी भांडले. एकीला दिलंस, दुसरीला का नाही? उत्तर आलं नाही. सकाळी ड्यूटी होती. तिची चादर बदलायला मी सगळ्यात आधी तिच्याकडेच गेले.

रक्ताची गोष्ट मात्र मनभर सुखाची आहे. जहाजावर रक्ताचा मोठा साठा नसतो. जहाजावरचे लोकच रक्तपेढी. गट आधीच तपासून यादीत लिहिलेला, आणि गरज लागली की बोलावणं. एका रात्री दोनच्या सुमाराला मला उठवलं. चेहऱ्यावरची मोठी गाठ काढलेल्या एका माणसाला रक्तस्राव थांबत नव्हता. माझा गट जुळत होता. मी रक्त दिलं, पाणी प्यायले, दहा मिनिटं पडले. मग वॉर्डात हात कमी होते म्हणून अंगात जरा बळ आल्यावर मदतीला गेले. स्टँडवर अडकवायला पिशवी माझ्याच हातात आली. ती अजून कोमट होती. इतकी वर्षं नर्सिंग केलं, शेकडो पिशव्या लावल्या, सगळ्या फ्रिजमधून आलेल्या. ऊब असलेली ही पहिलीच. माझ्याबरोबर त्या रात्री एका इंजिनिअरने, एका शिक्षिकेने आणि स्वयंपाकघरातल्या एका मुलाने रक्त दिलं. तो माणूस वाचला. नंतर तो आम्हा चौघांना ‘हावाना’ म्हणायचा. म्हणजे नातेवाईक.

रविवारी सुट्टी असली की मी शहरातल्या मलागासी मंडळीत उपासनेला जायचे. त्यांचं गाणं ज्याने ऐकलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. वाद्याशिवाय, चार आवाजांत, बसल्या जागेवरून सगळी मंडळी उचलून धरते. शब्द कळत नसले तरी मी डोळे मिटून उभी राहायचे. तिथेच मला या गावाचा जुना इतिहास कळला. तोआमासिनाचं जुनं नाव तामाताव. लंडन मिशनरी सोसायटीचे दोन वेल्श तरुण, डेव्हिड जोन्स आणि थॉमस बेव्हन, १८१८ मध्ये याच किनाऱ्यावर उतरले. नंतर बायकामुलांना घेऊन आले. दोन नवरे, दोन बायका, दोन तान्ही मुलं. काही महिन्यांत तापाने पाच जण गेले. उरला एकटा जोन्स, तोही मरणाच्या दारातून परतलेला. मॉरिशसला जाऊन तो बरा झाला आणि पुन्हा आला. १८२० मध्ये राजधानी आंतानानारिव्होला पोचून त्याने शाळा काढली. १८३५ मध्ये मलागासी बायबल पूर्ण छापलं गेलं. त्याच वर्षी राणी रानावालोना पहिली हिने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, १८३७ मध्ये रासालामा नावाच्या स्त्रीला भाल्याने मारलं, आणि लोकांनी ती बायबलं जमिनीत पुरून जपली.

मला मात्र पुन्हापुन्हा आठवायचा तो १८१९ सालचा जोन्स. बायको नाही, मूल नाही, मित्र नाही, काम सुरूसुद्धा झालेलं नाही. त्याने लंडनला पत्रात काय लिहिलं असेल? माझ्या पत्रांसारखं, सगळं छान चाललं आहे असं तर लिहिणं शक्यच नव्हतं. सांगण्यासारखं यश एकही नव्हतं त्याच्याजवळ. होता तो फक्त परत यायचा निश्चय.

त्या रविवारनंतर मी प्रमुख नर्सना विचारलं, की परत पाठवलेल्यांपैकी जे शहरात राहतात त्यांच्या घरी जाणाऱ्या गटात मला घ्याल का. जहाजावर असा एक छोटा गट होता. ज्यांचा कॅन्सर आमच्या हाताबाहेरचा होता त्यांच्या घरी जाऊन जखमा बांधायच्या, वेदनेवर औषध द्यायचं, घरच्यांना शिकवायचं. वॉर्डमधली ड्यूटी सांभाळून मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले.

त्यांत एक बाई होती, पन्नाशीची, जबड्याचा कॅन्सर. नंतरच्या एका निवडीच्या दिवशी तिला ‘त्सी’ म्हणणारी मीच होते. तिने मला ओळखलं. लाकडी फळ्यांचं घर, वर पत्रा, पावसात बोलणं ऐकू येऊ नये असा आवाज. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा ती घराच्या एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब चटईवर होती. बहीण जेवण आणून ठेवायची आणि नाकाला पदर लावून परत फिरायची. दोष तिचा नव्हता. कुजलेल्या जखमेचा वास माणसाला मागे ढकलतोच.

मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर टाकली की तो वास कमी होतो. साधी गोष्ट आहे, स्वस्त आहे. मी बहिणीला शिकवलं. दोन चमच्यांमध्ये गोळी धरायची आणि दाबून फिरवायची, कणी राहता कामा नये. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवायची, ओढायचं नाही, चिकटलेलं भिजवून सोडवायचं. मग पूड, मग गॉज. पहिल्यांदा बहिणीचा हात लांबूनच चालत होता. तिसऱ्या वेळी ती मांडी घालून समोर बसली.

दोन आठवड्यांनी गेलो तर चटई कोपऱ्यातून निघून दाराजवळ उजेडात आलेली होती. आणखी काही दिवसांनी तिच्या मांडीवर चारेक वर्षांची नात झोपली होती. बाईने तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. त्या दिवशी आम्ही ड्रेसिंग केलं नाही. नात उठेपर्यंत दारातच बसून राहिलो.

तिने मला शब्द शिकवले. तिला बोलताना त्रास व्हायचा, म्हणून एका भेटीत एकच शब्द. सूर्याला ‘मासुआंद्रु’ म्हणतात, दिवसाचा डोळा. अश्रूंना ‘रानुमासु’, डोळ्यांचं पाणी. भिऊ नकोस, ‘अझा माताहूत्रा’. हा शब्द मी वॉर्डात रोज वापरायचे, भूल द्यायला नेण्याआधी. ती मात्र तो मला म्हणाली. ड्रेसिंग सोडताना रक्त आलं आणि माझा हात थांबला, तेव्हा.

एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी मी नाही म्हणाले त्याचा राग आला होता का? दुभाष्या विचारायला तयार नव्हता, मी आग्रह केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तू खाली बसलीस. बाकी कोणी बसलं नव्हतं.”

जून आला. जहाज निघायची तारीख फळ्यावर लागली. वॉर्ड रिकामे झाले, खाटा बांधल्या गेल्या, भिंती धुतल्या. आम्ही उरलेली औषधं स्थानिक नर्सच्या हाती दिली, कोणाचं ड्रेसिंग कधी ते लिहून दिलं. शेवटच्या भेटीला मी दुभाष्याशिवाय गेले. बारा महिन्यांत जमा झालेले शब्द पुरतील असं वाटलं. बहिणीने सगळं तयार ठेवलं होतं. पाणी उकळून गार केलेलं, चमचे स्वच्छ, पूड कुटलेली. मला हात लावावा लागला नाही. मी फक्त गॉज धरून बसले. बहिणीने जखम धुतली, पूड टाकली, पट्टी बांधली, आणि बांधून झाल्यावर तिच्या गालावरून सहज हात फिरवला.

मग निरोप घ्यायचा होता. मलागासीत जाताना ‘वेलूमा’ म्हणतात. रोज शंभरदा कानावर पडणारा शब्द. तो ‘वेलुना’पासून आला आहे, म्हणजे जिवंत. वेलूमा म्हणजे जिवंत राहा. हे मला तिनेच शिकवलं होतं, आणि आता तिच्यापुढे तो शब्द माझ्या तोंडातून फुटेना. मी तिचे दोन्ही हात धरून नुसतीच बसले. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. नातीने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन त्यावरच्या फोटोकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

बाईने पट्टीखालून जेवढं तोंड उघडता येत होतं तेवढं उघडलं आणि एकेक अक्षर सुटं करून मला म्हणाली, “वे-लू-मा.”